डाव्या हाताच्या तारा

त्या दिवशी माझ्या पिशवीत दोनच वस्तू होत्या. दर्भाची जुडी आणि गिटारच्या तारांचं पाकीट.

आषाढ होता. दोन्ही कामं एकाच फेरीत उरकावीत म्हणून मी खांदा कॉलनीतून शेअर रिक्षाने जुन्या पनवेलात गेले होते. लाईन आळीत दर्भ मिळाला. टपाल नाक्याच्या पुढे वाद्यांचं एक लहानसं दुकान आहे, तिथे दुकानदाराने विचारलं, "काकू, कुठल्या नंबरच्या देऊ?" मला काय ठाऊक. मुबारकभाईंनी लिहून दिलेली चिठ्ठी मी पुढे केली. चिठ्ठीतलं अक्षर इतकं थरथरतं होतं की त्याने ती दोनदा उजेडाकडे धरून वाचली.

बसा, दिव्याजवळ बसा. घाई नसेल तर नीट सांगते.

विश्वजीत माझा एकुलता एक मुलगा. द्रोणागिरीला गोदामात नोकरीला होता. गेल्या वर्षी श्रावणात, उरणच्या रस्त्यावर, कामावरून परत येताना त्याची मोटारसायकल घसरली. तीन दिवस होता. मग गेला. सव्वीस वर्षांचा.

त्याची गिटार त्याच्या खोलीत खिळ्याला टांगलेली तशीच राहिली. वर्ष भरत आलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "त्याचा जीव ज्यात होता ती वस्तू वर्षश्राद्धाला दान करा. म्हणजे गुंता सुटेल आणि तो पुढे जाईल. पण वस्तू चालती द्या. मोडकं दान पोचत नाही."

द्यायची कुणाला हे ठरवावंच लागलं नाही. वल्लरी त्याच्याबरोबर गायची. त्यांच्या नात्याला आम्ही कधी नाव दिलं नाही, तिनेही दिलं नाही. तिला बंगळूरला नोकरी लागली होती आणि श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी ती निघणार होती. म्हणजे गिटार त्या दिवसापर्यंत वाजती व्हायला हवी होती. माझ्या मुलाला पुढची वाट मिळणं त्यावर होतं. निदान मी तसं धरून चालले होते. त्यासाठीच तर मी सोळा सोमवार धरले होते.

आमचा देव्हारा ज्यांनी केला ते मुबारकभाई मोहल्ल्यात राहतात. बावीस वर्षं मस्कतला लाकूडकामात होते, त्यातली सहा उद बनवणाऱ्या कारागिराकडे. उद म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "तिकडचं तारांचं वाद्य, भाभी. पोट मोठं, मान आखूड. माझ्यासारखंच."

"गिटार दुकानात पाठवा, चार दिवसांत पोरांकडून करून देतो," ते म्हणाले.

"वर्ष पुरं होईपर्यंत त्याची वस्तू उंबऱ्याबाहेर काढणार नाही, असं देवापुढे बोललेय मी."

"मग मी येतो. पण एक सांगतो." त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. बोटं पानासारखी हलत होती. "हे आता नमाजातपण ऐकत नायत माझं. काम तुम्हाला करायला लागेल. मी बाजूला बसून नुसती बडबड करणार."

अशी मी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी गिटार लावायला शिकले.

वर्षभराच्या दमटपणाने तिची मान पुढे वाकली होती. तारा गंजलेल्या, आणि मानेवरच्या धातूच्या पडद्यांपासून इतक्या वर उचललेल्या की खालून करंगळी जाईल. विश्वाच्या पलंगावर जुनी चादर अंथरून मी ती आडवी ठेवली. माझे हे, म्हणजे कमलाकर, कळंबोलीला लोखंडाच्या गोदामावर सुपरवायझर आहेत. ते सकाळी आठला जातात ते सातला येतात. घरात मी, मुबारकभाई, आणि देवघरात जळणारी समई.

"तोडू नका तारा. एकेक करून ढिली करा. वर्षभर ताण धरून बसलंय बिचारं, एकदम सोडलं तर दचकेल."

मी खुंट्या फिरवल्या. तारा किरकिरत सैल झाल्या. मग त्यांनी मानेच्या आतली लोखंडी सळई दाखवली, आणि तिच्या तोंडात बसणारी वाकडी किल्ली माझ्या हातात दिली.

"पाव फेरा. बस. आता उद्या."

"एवढंच?"

"देवळात तुम्ही सगळ्या प्रदक्षिणा धावत घालता का? मानेलापण दम घेऊ द्या."

तीन दिवस, रोज पाव फेरा. चौथ्या दिवशी मान सरळ झाली. मी लाकूड पुसलं, पडदे चिंधीने घासून चकचकीत केले, नव्या तारा चढवल्या. जाड तार वर, बारीक खाली. बाराव्या पडद्यावर तारेखाली काडेपेटीतली काडी जेमतेम सरकली पाहिजे, हे त्यांचं माप. सरकली. मोबाइलवर सूर दाखवणारं काहीतरी असतं, ते त्यांनी उघडून दिलं. एकेक तार हिरव्या दिव्यापर्यंत आणली. शेवटी मी सहाही तारांवरून अंगठा फिरवला.

वर्षभरात त्या खोलीत पहिल्यांदा आवाज झाला. मुबारकभाईंनी चष्मा काढून पुसला, नि म्हणाले, "चहा टाका भाभी. हे काम झालं."

झालं नव्हतं.

माझा नेम असा, की दुपारी अडीचला विश्वाच्या खोलीत खुर्चीवर बसून पोथीचा एक अध्याय वाचायचा. वाचता वाचता डोळा लागतो. चारला आपोआप जाग येते. वर्षभर असंच चाललं होतं, त्यात विशेष काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारला उठले तेव्हा खोलीत एक वास होता. पावसात खिडकीचे गज धरून उभं राहिलं की तळव्यांना येतो ना, तो लोखंडाचा वास. बाहेर पाऊस नव्हता. खिडकी बंद होती. गिटार पलंगावर होती तिथेच होती. मला काय खटकतंय ते आधी कळेना.

मग कळलं. जाड तार खाली होती. बारीक वर. सहाच्या सहा तारा उलट क्रमाने बसवलेल्या.

संध्याकाळी ह्यांना दाखवलं. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.

"अगं, तूच उलट्या लावल्या असशील. पहिल्यांदाच करत होतीस."

"मुबारकभाई शेजारी बसले होते हो."

"त्यांना दिसतं का धड?" मग माझ्या तोंडाकडे बघून ह्यांनी आवाज खाली आणला. "अरुंधती, पुढच्या महिन्यात बापाने मुलाला पिंड द्यायचाय. आधीच सगळं उलटं आहे. त्यात आणखी काही आणू नकोस."

मला मात्र उमगलं होतं.

विश्वा जन्मतः डावखुरा. पहिला घास त्याने डाव्या हाताने उचलला होता. मी तो हात धरला, घास उजव्यात दिला. चमचा, पेन्सिल, आरतीची घंटा, सगळं मी असंच उजव्या हातात देत गेले. मारलं कधी नाही. नुसता हात धरायचा आणि बदलायचा. सासूबाई म्हणायच्या, पोराला वळण लावावं तर अरुंधतीने. पंधराव्या वर्षी त्याने गिटार मागितली तेव्हा म्हणाला, "आई, डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळते." मी म्हटलं, "वाद्य म्हणजे सरस्वती. तिला डावा हात लावायचा का?" तो हसला आणि उजव्या हाताची घेऊन आला.

आता दर महिन्याच्या श्राद्धाला मी बघत आले होते. गुरुजी सांगत, जानवं उजव्या खांद्यावर घ्या, पितरांचं सगळं उलट्या बाजूने. देवाचं उजवीकडून, आणि गेलेल्यांचं डावीकडून. मग तिकडे गेल्यावर माझ्या मुलाला कोण अडवणार होतं?

एवढं कळूनही मी काय केलं, सांगू? दुसऱ्या दिवशी सकाळी बसले आणि सगळ्या तारा पुन्हा सरळ लावल्या. जाड वर, बारीक खाली. विचारसुद्धा केला नाही. पंचवीस वर्षांची हाताची सवय.

त्याच आठवड्यात जिन्यात सुनंदा भेटली, आमच्या खालच्या मजल्यावरची. हातात मेथीची जुडी.

"वहिनी, दुपारचं कोण वाजवतं हो तुमच्याकडे? भाऊजींनी क्लास लावला की काय या वयात?"

"कोण... काय वाजवतं?"

"गिटार. अडीच-पावणेतीनला सुरू होते. पहिल्यांदा अडखळत होतं, आता हात बसलाय. चारला बंद, अगदी टायमावर. मी म्हटलं बरं झालं, घरात काहीतरी आवाज आला." मग तिच्या लक्षात आलं असावं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्रास नाही हं होत. उलट बरं वाटतं."

अडीच ते चार मी त्याच खोलीत असते. पलंगापासून दोन हातांवर. मला एकदाही काही ऐकू आलं नव्हतं.

मी जागं राहायचं ठरवलं. डोळ्यांना पाणी लावलं, जिभेखाली लवंग धरली, पोथी मिटून नुसती गिटारकडे बघत बसले. पंखा फिरत होता. खाली भंगारवाला ओरडत गेला. चार वाजले. काहीच झालं नाही. संध्याकाळी सुनंदा म्हणाली, आज सुट्टी होती वाटतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी सोमवारचा उपास होता. लवंग जिभेखाली असतानाच कधीतरी मान खाली गेली.

उठले तेव्हा तारा पुन्हा उलट्या होत्या. मी बोट लावलं. कोमट होत्या. आणि मानेच्या टोकाशी, जिथे तारा खाचांमधून खुंट्यांकडे जातात, त्याच्या बरोबर खाली चादरीवर पांढरी बारीक पूड पडली होती.

मुबारकभाईंना मी फोनवर एवढंच म्हटलं, तुम्ही या.

ते आले. पूड चिमटीत घेऊन बोटांवर चोळली. "रांगोळी सांडली का, भाभी?"

"मी ह्या खोलीत रांगोळी काढत नाही."

ते गिटारवर वाकले. बराच वेळ वाकून होते. मग हळूच म्हणाले, "ही पांढरी पट्टी बघा. प्रत्येक तारेची खाच वेगळी असते. बारीक तारेच्या खाचेत जाड तार बसतच नाय, वर राहते. परवापर्यंत इथे बारीक खाच होती. आता जाड तार आत बसलीय. कुणीतरी कानस मारून खाच रुंद केलीय." त्यांनी बोटाने पट्टी चाचपली. "एवढी बारीक कानस माझ्या दुकानात आहे. तुमच्या घरात नाय. आणि काम... माझे हात धड होते तेव्हापण मी इतकं साफ केलं नसतं."

त्यांनी बोटांवरची पूड रुमालाला पुसली.

"कोण करतंय हे, भाभी?"

मी सांगितलं. घासाचं सांगितलं, सरस्वतीचं सांगितलं. आणि जे ह्यांनाही सांगितलं नव्हतं तेही सांगितलं.

वॉर्डात तिसऱ्या दिवशी विश्वाने डोळे उघडले होते. बोलता येत नव्हतं. मी बल्लाळेश्वराचा प्रसाद नेला होता, साखरफुटाणे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. डावा. उजवा प्लास्टरमध्ये होता, उचलणं शक्यच नव्हतं. आणि मी... माझ्या तोंडून निघून गेलं, "बाळा, प्रसाद डाव्या हातात घेत नाहीत." त्याचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग त्याने तो खाली घेतला. मी साखरफुटाणा त्याच्या प्लास्टरमधून डोकावणाऱ्या बोटांवर ठेवला. तो घरंगळून चादरीवर पडला. त्यानंतर त्याने डोळे उघडले नाहीत.

मुबारकभाईंनी चादरीवरची पूड तळव्याने एका कडेला लोटली.

"आमच्यातपण उजव्या हातानेच खातात, भाभी. माझी अम्मी डाव्या हातावर पळी मारायची. तुम्ही निदान मारलं नाय."

"तो रागावलाय का हो माझ्यावर?"

त्यांनी पुन्हा त्या पट्टीवर बोट ठेवलं. "नाय वाटत मला. रागावलेला माणूस इतकं साफ काम करत नाय."

मग ते दुकानात जाऊन हाडाची एक नवी पट्टी आणि ती कानस घेऊन आले. त्यांनी सांगायचं आणि मी करायचं. जुनी पट्टी काढली. नवीत उलट्या क्रमाने खाचा पाडल्या, जाड खाली, बारीक वर. खालच्या घोडीवरची तिरकी काडी फिरवून दुसऱ्या बाजूने तिरकी केली, नाहीतर वरच्या पडद्यांवर सूर चुकतो म्हणाले. मानेला पुन्हा पाव फेरा. पुन्हा काडेपेटीची काडी. आता ती गिटार पुरती डाव्या हाताची झाली. जे पंधराव्या वर्षी करायला हवं होतं, ते मी त्याच्या वर्षश्राद्धाच्या आधी केलं.

मुबारकभाई गेल्यावर मी गिटारला हळदकुंकू लावलं आणि म्हटलं, "विश्वा, डाव्यानेच वाजव. मी काही म्हणणार नाही."

त्यानंतर तारा कधी बदलल्या नाहीत.

दुपार मात्र ठरलेली. मी पोथी उघडायची, डोळा लागायचा, चारला उठायची, तारांना बोट लावायची. कोमट. मग काहीतरी निमित्त काढून खाली सुनंदाकडे जायची. कधी वाटीभर साखर, कधी कढीपत्ता.

"आज काय होतं ग?"

"आज नवीनच होतं काहीतरी. संथ. असं..." आणि ती गुणगुणायची. सुनंदाचा गळा बेसूर. पोळ्या लाटता लाटता, मध्येच कुकरची शिट्टी मोजत, ती मला दोन ओळी म्हणून दाखवायची. मी ओट्याला टेकून ऐकायची. माझ्या मुलाचं वाजवणं मला असंच ऐकायला मिळालं, दुसऱ्याच्या गळ्यातून.

तिथी जवळ आली तसा माझा जीव फिरला. दोन दिवस आधी, जेवताना मी ह्यांना म्हटलं, "अहो, गिटार नको द्यायला. दुसरं काहीतरी देऊ. त्याचं घड्याळ देऊ."

"गुरुजींना शब्द दिलाय. आणि त्या पोरीला बोलावून बसलोय."

"मग त्याने वाजवायचं कशावर?"

ह्यांचा हात पाण्याच्या पेल्यावर थांबला. "कुणी?"

ह्यांना वर्षभरात मी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ताटावरच, उष्ट्या हाताने, ह्यांनी डोळे झाकले.

"तुला काय वाटतं, मला ऐकू येत नाही सुनंदाचा नवरा लिफ्टमध्ये काय बोलतो ते? मलाही त्याला ठेवून घ्यायचंय, अरुंधती. पण तो आपल्याकडे राहिला तर कुठेच पोचणार नाही. असाच राहील. ना इथला, ना तिथला."

मी ह्यांच्या ताटाभोवतीचं पाणी पुसलं. द्यायचं ठरलं.

श्राद्धाच्या दिवशी सगळं नीट झालं. ह्यांनी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, तीळपाणी सोडलं, पिंड ठेवला. जेवणं उरकल्यावर मी वल्लरीला विश्वाच्या खोलीत नेलं. बारीक चणीची मुलगी, पांढरा कुर्ता घालून आली होती. तिने गिटार मांडीवर घेतली, आणि तारा बघून तशीच थांबली.

"काकू, ही डाव्या हाताची कुणी केली?"

"मी केली. तुला बदलून हवी तर..."

"नको." तिने गिटार छातीशी धरली. "तुम्हाला माहीत होतं? मला वाटलं घरी कुणालाच माहीत नाही. तो आमच्याकडे आला की गिटार उलटी धरायचा, काकू. तारा उलट्या लागायच्या, तरी डाव्यानेच वाजवायचा. काय वाजवायचा... आणि निघताना म्हणायचा, आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल."

अकरा वर्षं. माझ्या घरात उजव्याने आणि बाहेर डाव्याने.

ती उठली, वाकून नमस्कार केला, आणि उठताना तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. मग माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. चार बोटांची टोकं अंगठ्याने एकेक करून दाबून पाहिली.

"काकू, तुम्ही कधीपासून वाजवता?"

"मी? मला कुठलं येतंय, बाई."

"हे बघा." तिने स्वतःचा डावा हात उलटा केला. बोटांच्या टोकांना पिवळसर, कडक घट्टे. "तारा दाबून दाबून येतात. मला यायला तीन महिने लागले होते, रोज वाजवून. मी उजव्या हाताने छेडते म्हणून माझे डाव्या हातावर आहेत. जो डाव्या हाताने छेडतो, त्याचे..."

आम्ही दोघी माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिलो. चारही बोटांच्या टोकांना तसेच घट्टे. तिच्यापेक्षा जाड. आणि त्यांच्यावर आडव्या, लालसर, ताज्या वाटाव्यात अशा रेषा.

मला एकही सूर ऐकू का आला नाही, ते तेव्हा कळलं.

ती गिटार घेऊन गेली. जाताना दारात म्हणाली, "वाजवणं बंद झालं की महिन्या-दीड महिन्यात सोलून निघतात, काकू. त्वचा पुन्हा मऊ होते." मला धीर द्यायलाच म्हणाली असेल.

याला आता सात महिने होतील. गिटार बंगळूरला आहे. वल्लरीने तिचा भिंतीवर टांगलेला फोटो पाठवला होता. सोळा सोमवारांचं उद्यापनही पार पडलं. सुनंदा म्हणते, आता काही ऐकू येत नाही, चुकल्यासारखं होतं.

घट्टे गेले नाहीत. रोज चारला उठते तेव्हा बोटांवर ताज्या रेषा असतात. जपाची माळ ओढताना मणी बोटाला लागत नाहीत, आणि त्याच बोटांनी मी रोज देवाला म्हणते, माझ्या बाळाला पुढे ने. ह्यांना सांगितलेलं नाही. ह्यांना वाटतंय तो पोचला. पहिले काही महिने, खोटं कशाला सांगू, मला सुख होत होतं. वाटायचं, माझे हात त्याच्या उपयोगी पडतायत. पण सात महिने, घरात वाद्य नाही, आणि तो रोज कशावर बोटं दाबतो? ह्यांचं बोलणं आठवतं मला. ना इथला, ना तिथला.

म्हणून परवा सकाळी पूजा झाल्यावर मी खोलीचं दार लावलं आणि पहिल्यांदाच त्याला कडक शब्दांत बोलले. म्हटलं, "विश्वा, आता पुरे. हट्ट सोड. जा तू." आवाज चढला होता माझा. लगेच वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. दुपारी पोथी उघडली. डोळा लागला.

लहान असताना मी त्याला रागावले, मग ते कशावरूनही असो, अभ्यास नाही केला, दूध सांडलं, तर तो उलट बोलायचा नाही. डाव्या हातात जे काही असेल ते मुकाट्याने उजव्या हातात घ्यायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. आता तरी चाललं ना, अशा नजरेने.

परवा चारला उठले. उजव्या हाताची बोटं कोरडी होती. एकही रेषा नव्हती त्यांच्यावर. क्षणभर मला वाटलं, गेला माझा बाळ, सुटला.

मग पोथी मिटायला मी डावा हात उचलला. त्याच्या चार बोटांच्या टोकांना, जिथे उजव्या हाताने छेडणाऱ्या वल्लरीला घट्टे होते आणि माझी कातडी अजून मऊ आहे, तिथे चार खोल रेषा होत्या. एकीतून रक्त येत होतं.